वादळात लाइट गेली की नेमकं काय कळवावं, कुणाला आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगड तालुक्यात समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर पंचवीस घरांची वाडी. वळवाचा पाऊस असो नाहीतर जुलैतला वारा, लाइट गेली की कधी तासाभरात येते, कधी दोन दोन दिवस पत्ता नसतो. महावितरणला फोन केला की ‘फीडर चालू आहे’ असं ऐकायला मिळतं, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणारी ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन चालू आहे. तर तक्रार द्यायची कशी, आणि वादळाची खबर आधी कुठून घ्यायची, नंतर कुणाला द्यायची? आणि भरपाई मागता येते का?

‘फीडर चालू आहे’ हे उत्तर सहसा खोटं नसतं. गोची तिथेच आहे. ३३/११ केव्ही उपकेंद्रात बसलेल्या ऑपरेटरसमोर प्रत्येक ११ केव्ही फीडरचा ब्रेकर आणि त्यावरचे अ‍ॅम्पिअर असतात. त्याच्या खालचं, म्हणजे तुमच्या वाडीची डीपी (पोलावरचा ट्रान्सफॉर्मर), तिचे फ्यूज, एलटीच्या (कमी दाबाच्या) तारा, घरापर्यंतची सर्व्हिस वायर, यातलं बहुतेक ठिकाणी त्याला काहीच दिसत नाही. पंचवीस घरांचा मिळून बारा किलोवॅट भार धरला, तर ११ केव्हीच्या बाजूला तो पाऊण अ‍ॅम्पिअरसुद्धा भरत नाही. साठ-सत्तर अ‍ॅम्पिअरच्या फीडरवर एवढी घट कुणाच्या डोळ्यांत भरणार? म्हणून फीडर बंद असताना केलेल्या तक्रारीचा जेवढा उपयोग, त्याहून कितीतरी जास्त उपयोग ‘गावात लाइट आली, आमच्या वाडीत नाही’ या तक्रारीचा. आणि नेमकी हीच तक्रार कोणी देत नाही. सकाळी दिली होती ना, मग झालं, असं धरून लोक वाट बघत बसतात. सकाळची तक्रार मात्र फीडर चालू झाल्यावर त्या फीडरच्या बाकी तक्रारींबरोबर निकाली निघालेली असू शकते. गावठणात दिवे दिसले आणि अर्ध्या तासात तुमच्याकडे आले नाहीत, की नवी तक्रार द्या आणि नवा तक्रार क्रमांक घ्या.

फोन करण्याआधी पाच मिनिटं घरातूनच तपासणी करावी. शेजाऱ्याकडे लाइट आहे आणि तुमच्याकडे नाही, तर आधी मीटर बघा. मीटरचा डिस्प्ले जिवंत असेल तर बिघाड तुमच्या बोर्डात आहे. पावसाळ्यात बहुधा ईएलसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) पडलेला असतो. सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) खाली करा, ईएलसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. ज्याला पडेल ती लाइन बंद ठेवा. ओटीवरच्या दिव्याचा ओलावलेला होल्डर, मागीलदारचा बोर्ड आणि विहिरीवरचा पंप हे कायमचे तीन संशयित.

बऱ्याच घरांचा प्रश्न असेल तर कोणत्या घरात काय दिसतंय ते विचारा. डीपीवरून तीन फेज निघतात आणि घरं त्यांवर वाटलेली असतात, त्यामुळे वाडीभर फिरून आलात की बिघाड कुठे आहे ते बरंचसं कळतं.

एक तृतीयांश घरं पूर्ण अंधारात आणि बाकीच्यांकडे सगळं नीट: डीपीखालच्या पेटीतला एलटीचा एक फ्यूज गेलाय किंवा त्या फेजची तार कुठेतरी सुटलीये. काम लहान आहे.

काही घरं नीट, पण उरलेल्या घरांत पंखा रेंगाळतोय आणि फ्रीज नुसता गुरगुरतोय: वरच्या ११ केव्हीचा एक फेज तुटलाय. डीपीवरचा डीओ (११ केव्हीच्या बाजूची फ्यूजची नळी) पडला असेल नाहीतर पोलावरचा जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) निघाला असेल. ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या, ११ केव्हीच्या बाजूची जोडणी डेल्टा, म्हणजे त्रिकोणी असते. एक फेज गेला की खालच्या एका फेजला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि बाकीच्या दोघांत व्होल्टेज वाटलं जाऊन साधारण ११५ च्या आसपास उरतं. एलईडी बल्ब इथे फसवतो, कारण एवढ्या व्होल्टवरही तो पेटलेला दिसतो. पंखा खरं बोलतो. अशा वेळी फ्रीज आणि पंप ताबडतोब बंद करा, कमी व्होल्टवर मोटर जळते.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. एका घरात दिवा भगभगीत, शेजारी मिणमिणता, आणि कोणी मिक्सर लावला की दोन्हीकडे उलटसुलट होतं. म्हणजे न्यूट्रल तुटलाय. एखाद्या घरात व्होल्टेज ४०० पर्यंत चढू शकतं, आणि टीव्ही, राउटर, एलईडी एका झटक्यात जातात. आणखी एक खूण: उपकरण चालू ठेवून सॉकेटमध्ये टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत पेटतो. इथे फोन नंतर. आधी मेन स्विच खाली, मग वाडीत ओरडून सगळ्यांना मेन बंद करायला सांगा. तक्रारीत ‘न्यूट्रल गेलाय, व्होल्टेज वाढतंय’ हे शब्द जसेच्या तसे वापरा. ‘लाइट कमी-जास्त होते’ असं मोघम सांगितलं तर ती तक्रार यादीत तळाला जाते.

दिवस असेल तर डीपीकडे लांबूनच बघून या. वर ओळीने तीन नळकांड्या असतात, ते डीओ. फ्यूज उडाला की नळी वरून सुटून खाली लोंबते, अगदी जमिनीवरूनही दिसते. कोणती लोंबतेय, डावी, मधली की उजवी, एवढं लक्षात ठेवा. बांबूने ढकलून ती परत बसवणारे बहाद्दर जवळपास प्रत्येक गावात असतात, आणि ओला बांबू ११ हजार व्होल्टला अडवत नाही. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला वरच्या बाजूला पूर्ण भारावर जेमतेम सव्वापाच अ‍ॅम्पिअर लागतात, त्यामुळे त्या नळीतली तार बारीकच असायला हवी. वायरमनला ‘जरा जाड तार घाल, सारखी उडते’ असा आग्रह करणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जाळण्याची सोय करणं.

आता कळवायचं कुठे. महावितरणचे टोल फ्री क्रमांक १९१२, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. तुमचा मोबाइल ग्राहक क्रमांकाला जोडलेला असेल तर ०२२-५०८९७१०० वर नुसता मिस्ड कॉल दिला तरी वीज गेल्याची नोंद होते. एसएमएसने द्यायची तर इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ‘नोपॉवर’ टाइप करा, मग एक जागा सोडून बारा आकडी ग्राहक क्रमांक, आणि ९९३०३९९३०३ वर पाठवा. मोबाइल जोडलेला नसेल तर त्याच नंबरवर इंग्रजीतच ‘एमआरईजी’ ही चार अक्षरं, जागा आणि ग्राहक क्रमांक पाठवून आजच जोडून घ्या. हे काम वादळात होत नाही. वीज गेल्यावर मोबाइल टॉवर बॅटरीवर चालतो आणि काही तासांत तोही मान टाकतो. आधी इंटरनेट जातं, मग कॉल लागेनासे होतात, एसएमएस मात्र शेवटपर्यंत कुठल्यातरी फटीतून निघून जातो. म्हणून वादळाच्या रात्री एसएमएस पहिल्या तासातच पाठवून ठेवावा.

मिस्ड कॉल आणि एसएमएस वाडीतल्या प्रत्येक घराने द्यावा, कारण त्यावरून किती घरं अंधारात आहेत ते दिसतं. वायरमनला फोन मात्र एकानेच करावा. पोलावर चढलेल्या माणसाच्या खिशात पंचवीस वेळा फोन वाजून लाइट लवकर येत नाही.

त्या एकाने काय सांगावं, त्याचा नमुना देतो:

‘वरची वाडी, डीटीसी क्रमांक अमुक. पहाटे ३:१० ला लाइट गेली, त्याआधी दोनदा येऊन गेली. जाताना साकवाच्या बाजूला निळा उजेड आणि मोठा आवाज. गावठणात ६ वाजता आली, आमच्या पंचवीस घरांत नाही. डीपीवरचा मधला डीओ लोंबतोय. तार जमिनीवर कुठे दिसली नाही. साकवाजवळ रस्त्यात आंब्याची फांदी आडवी आहे, जीप येणार नाही, दुचाकी पाखाडीने येईल. वाडीत कोयता, करवत आणि चार माणसं तयार आहेत.’

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. डीटीसी क्रमांक, म्हणजे तुमच्या डीपीचा नंबर, वीजबिलावर मार्ग-क्रमाच्या ओळीत छापलेला असतो आणि डीपीच्या सांगाड्यावरही रंगवलेला असतो. ‘शाळेजवळची डीपी’ म्हणाल तर तालुक्यात कितीतरी शाळा आहेत. वेळ मिनिटापर्यंत हवी, कारण उपकेंद्राच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाला कुठला फीडर ट्रिप झाला (ब्रेकर पडून बंद झाला) ते ऑपरेटर ताडून बघतो. दोनदा येऊन गेली हेही महत्त्वाचं. ट्रिप झालेला फीडर एक-दोनदा चार्ज करून बघतात, आणि तो टिकला नाही की लाइनवर काहीतरी अडकून बसलंय हे नक्की होतं. निळ्या उजेडाची दिशा कळली तर दहा-बारा किलोमीटरचं पेट्रोलिंग एका किलोमीटरवर येतं. रात्री, पावसात, करवंदीच्या जाळ्यांतून टॉर्च घेऊन लाइन चालत जाणं काय असतं याचा अंदाज बाहेरच्याला येत नाही. आणि रस्त्याची स्थिती सांगितली तर माणूस शिडी कशावर घालून आणायची ते ठरवूनच निघतो.

तार पडली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. इथे कोकणातल्या जमिनीचा एक गुणधर्म माहीत असायला हवा. साधारण समज असा की तार जमिनीला टेकली की फीडर ट्रिप होतो आणि तार मरते. ओल्या मातीत बहुतेकदा तसं होतंही. पण सड्यावरच्या कोरड्या कातळात वीज नीट उतरत नाही. जमिनीत उतरणारा करंट रिलेला (ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राला) जाग येण्याइतका वाढतच नाही, आणि तार कातळावर पडूनही जिवंत राहते, कधी तडतडत, कधी काही आवाज न करता. वळवाचा पहिला वारा येतो तेव्हा सडा कोरडाच असतो. शिवाय मेलेली तार ट्रायलच्या वेळी, म्हणजे फीडर पुन्हा चार्ज करून बघताना, पुन्हा जिवंत होऊ शकते. म्हणून दहा मीटरच्या आत कोणीही जाऊ नये, आणि शेतात पाणी साचलेलं असेल तर त्या कुणग्यात पायच घालू नये. आत सापडलात तर दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता सरकत बाहेर या. दोन पावलांमधल्या व्होल्टेजच्या फरकानेच माणूस मरतो, गुरं तर त्याहून लवकर, कारण त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त. दोन्ही बाजूंना माणूस उभा करा, फोनवर पहिलं वाक्य ‘तार पडली आहे’ हेच बोला आणि जवळच्या पोलाचा नंबर सांगा. फोन लागत नसेल तर दुचाकीवर माणूस थेट उपकेंद्रात पाठवा, ऑपरेटर ब्रेकर उघडू शकतो. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हेही आहेतच.

होमस्टेवाल्यांसाठी दोन वाक्यं. जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (बाहेरची लाइन तोडूनच जनरेटर जोडणाऱ्या स्विचशिवाय) घराच्या वायरिंगला जोडला तर तुमचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरने उलटे डीपीपर्यंत जातात आणि तोच ट्रान्सफॉर्मर त्यांचे ११ हजार करून लाइनवर सोडतो. वर काम करणारा माणूस लाइनला डिस्चार्ज रॉड लावतो तो याच भीतीने.

वादळाचं बघू. किनाऱ्यावर लाइट घालवणारी हवा तीन तऱ्हांची असते आणि तिघांचे बिघाड वेगळे. एप्रिल-मेमधलं वळवाचं वादळ दुपारी घाटमाथ्यावर उभं राहतं आणि संध्याकाळी किनाऱ्याकडे उतरतं. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ, पण विजा आणि झोत जबरदस्त. यात पिन इन्सुलेटर (तार पोलापासून अलग ठेवणाऱ्या चिमण्या) फुटतात, लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी साधनं) जातात. इन्सुलेटरला बारीक तडा गेलेला असेल तर कोरड्यात लाइन टिकते आणि पाऊस आला की ट्रिप होते, खालून बघून काही दिसत नाही, म्हणून तो शोधायला वेळ लागतो. परतीच्या पावसातही हेच. जून-जुलैतला नैऋत्येचा वारा दिवसेंदिवस वाहतो, पाण्याने जड झालेल्या फांद्या आणि माडाची झावळं तारांवर टाकतो. झावळ दोन तारांवर आडवं पडलं की ट्रिप, घसरून गेलं की ट्रायल यशस्वी, असा लपंडाव रात्रभर चालतो.

तिसरं चक्रीवादळ. अरबी समुद्रात ती मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात. निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पोल आडवे झाले. वादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकत असेल तर आपल्याकडचा वारा आधी आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग नैऋत्येचा होतो. केंद्र थेट डोक्यावरून गेलं तर मध्येच सामसूम होते आणि मग वारा उलट दिशेने येतो. त्या सामसुमीत बाहेर पडून तारांखालच्या फांद्या तोडू नका. कातळावर हातभर मातीत पसरलेली आंब्या-फणसाची मुळं पहिल्या वाऱ्याने सैल झालेली असतात, उलटा वारा त्यांना पाडतो.

वारा नसताना, पाऊस नसताना लाइट जाते ती वेगळीच गंमत. समुद्राकाठच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. मुसळधार पाऊस तो धुऊन काढतो, पण धुकं किंवा रिमझिम आली की मीठ नुसतं ओलं होतं आणि त्यावरून वीज वाहते. पहाटे इन्सुलेटरवर जांभळट ठिणग्या आणि ‘चर्र’ असा आवाज येत असेल तर पोल नंबरासह कळवा. तसं कळवायला लाइट जाण्याची वाट बघायला नको.

खबर घ्यायची ती हवामान खात्याच्याच ‘मौसम’ अ‍ॅपवरून, आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’, ते आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे जिल्ह्याला असतात, वाडीला नाहीत. आपल्या वाडीसाठी तीन तासांचा ताजा अंदाज आणि रडारचं चित्र उपयोगी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे नकाशे पुष्कळदा जुने असतात, तारीख बघितल्याशिवाय पुढे ढकलू नका.

वादळ कळवताना ‘भयंकर वारा सुटलाय’ याला काही अर्थ नाही. बारीक डहाळ्या तुटत असतील तर वारा ताशी ६२ च्या पुढे, कौलं उडू लागली की ७५ च्या पुढे, अख्खी झाडं मुळासकट पडत असतील तर ९० च्या आसपास. दिशा आणि वेळ जोडा. पाऊस मोजायला उभ्या भिंतीचं भांडं उघड्यावर ठेवा आणि सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजा, हवामान खात्याचा दिवस तोच आहे. बादली चालत नाही, ती वर रुंद असल्याने पाऊस फुगवून दाखवते. महसूल खात्याच्या लेखी २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, पण ती मंडळाच्या पर्जन्यमापकावर मोजतात, तुमच्या भांड्याचा आकडा फक्त दुजोऱ्याला. घर, गोठा, कलमं यांचं नुकसान तलाठ्याला कळवा आणि पंचनाम्याआधी झाड उचलावंच लागलं तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा, एका फोटोत घराची ओळखीची बाजू येऊ द्या.

भरपाईचं विचारलंत म्हणून: राज्य वीज नियामक आयोगाने पुरवठा किती वेळात सुरू व्हावा याच्या मुदती ठरवून दिल्या आहेत, शहराला वेगळ्या, ग्रामीण भागाला वेगळ्या, आणि त्या ओलांडल्या तर भरपाई मागता येते. चक्रीवादळ आणि पूर यांना त्यातून सूट आहे. पण वादळ सरून आठवडा झाला आणि एक फ्यूज बसत नाही, तर ती सूट लागू आहे की नाही हे भांडून बघण्यासारखं आहे, आणि भांडायला तारीखवार तक्रार क्रमांक हातात लागतात. म्हणून ते वहीत लिहून ठेवा, मोबाइलच्या भरवशावर नको.

शेवटी एप्रिलमधलं काम, जे पंचवीस घरांना एका रविवारी जमतं. डीपीपासून वाडीच्या टोकापर्यंत पोलापोलाने चाला. कुठला पोल कललाय, कुठला लोखंडी पोल बुडाशी गंजून पापुद्रे सोडतोय, कुठला ताण (पोलाला धरून ठेवणारी तिरकी तार) सैल पडलाय, कोणत्या दोन पोलांत तार झोळ खाऊन झाडाला लागतेय, ते नंबरासह लिहा. यादीच्या दोन प्रती शाखा कार्यालयात द्या आणि एकीवर पोच घ्या. फांद्या आपण तोडायच्या नाहीत. परमिट घेऊन, लाइन बंद करून वायरमन उभा राहील तेव्हाच कोयता चालवायचा. झाडमालकांची लेखी संमती मात्र आधी गोळा करून ठेवा. ‘आमचा हापूस तोडायचा नाय’ म्हणून एकाने हात आडवा घातला की त्या दिवसाचं परमिट फुकट जातं, आणि पुन्हा तारीख मिळेपर्यंत मृग लागलेला असतो.